गृहविज्ञानाच्या मुळाशी असलेली रसायनशास्त्रज्ञ : एलन स्वॉलो रिचर्ड्स

माहीमची_वाचक (धागाकर्ती)

गृहविज्ञान हा विषय मी मुंबईत शिकले आणि निवृत्त होईपर्यंत मुंबईतच शिकवला. "भाजी फोडणीला टाकायला पदवी कशाला हवी?" हा प्रश्न नातेवाइकांनी विचारला तेव्हा फारसे वाईट वाटले नाही, पण विज्ञान शाखेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तोच प्रश्न सर्वांसमक्ष विचारला, तेव्हा मला उत्तर सुचले नाही आणि ती रुखरुख बरीच वर्षे राहिली. पुढे वाचत गेले तसे उत्तर सापडत गेले, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक बाई आहेत : एलन स्वॉलो रिचर्ड्स. आपल्याकडे त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, म्हणून हा धागा.

त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डन्स्टेबल गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडिलांच्या दुकानात राबून, शिकवण्या करून आणि मिळेल ते काम पत्करून त्यांनी ३०० डॉलर साठवले आणि १८६८ मध्ये, पंचविशी उलटल्यावर, व्हासार या मुलींच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. तिथे खगोलशास्त्र शिकवणाऱ्या मरिया मिचेल यांच्याविषयी त्यांना अतिशय आदर होता. तरी त्यांची ओढ रसायनशास्त्राकडे राहिली. १८७० मध्ये पदवी मिळाली, पण रसायनशाळेत बाईला काम द्यायला कोणी तयार नव्हते. मग त्यांनी बॉस्टनमधल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे आज आपण जिला एमआयटी म्हणतो त्या संस्थेकडे, अर्ज केला. संस्था तेव्हा अगदी नवी होती आणि तिथे एकही विद्यार्थिनी नव्हती.

त्यांना 'विशेष विद्यार्थिनी' म्हणून प्रवेश मिळाला आणि फी माफ झाली. आपल्या गरिबीकडे पाहून ही सवलत मिळाली असावी, असे त्यांना वाटले. खरे कारण पुढे कळले : कोणी तक्रार केलीच, तर 'ही आमची विद्यार्थिनी नव्हेच' असे सांगण्याची सोय संस्थेला हवी होती. हे आधी माहीत असते तर आपण त्या अटीवर गेलोच नसतो, असे त्यांनी नंतर सांगितल्याचे त्यांच्या चरित्रात आहे. १८७३ मध्ये त्यांनी तिथली बी.एस. पदवी मिळवली, संस्थेची पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षी लोहखनिजातील व्हॅनेडियम या धातूवरच्या प्रबंधासाठी व्हासारने त्यांना एम.ए. दिली. डॉक्टरेट मात्र एमआयटीने त्यांना कधीच दिली नाही. १८७५ मध्ये खाणकाम अभियांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. विद्यार्थिनी असताना आपल्याविषयी कोणाच्या मनात अढी राहू नये म्हणून त्या जवळ सुई, दोरा, टाचण्या आणि कात्री ठेवत, कोणाचे बोट कापले तर चिंधी बांधून देत, टेबलांवरची धूळ झटकत. आणि हळूहळू सगळे जण अडीअडचणीला त्यांच्याकडे येऊ लागले. हे त्यांनी स्वतः पत्रात लिहिले आहे. मी प्रथम वाचले तेव्हा मला राग आला. आता राग येत नाही, पण तो प्रसंग वाचून पुढे जाणे मला आजही जमत नाही, कारण पुढे त्यांनी जो विषय उभा केला त्याचे बळ आणि त्याची अडचण दोन्ही त्या सुईदोऱ्यात दिसतात.

१८७६ मध्ये बॉस्टनच्या स्त्री शिक्षण संघटनेकडून पैसे मिळवून त्यांनी एमआयटीत स्त्रियांसाठी वेगळी प्रयोगशाळा सुरू करवली आणि तिथे विनावेतन शिकवले. १८८३ मध्ये, मुलींना नेहमीच्या प्रयोगशाळांत जागा मिळू लागल्यावर, ती बंद झाली. पुढल्या वर्षी त्यांना आरोग्यविषयक रसायनशास्त्राच्या निदेशक (इन्स्ट्रक्टर) म्हणून नेमण्यात आले. ३० मार्च १९११ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ २७ वर्षे, त्यांचे पद तेच राहिले.

आता त्यांचे सर्वांत मोठे काम. १८८७ पासून मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य मंडळासाठी राज्यभरातील नद्या, तलाव आणि विहिरींच्या पाण्याची तपासणी सुरू झाली. सुमारे दोन वर्षांत २० हजारांहून अधिक नमुने तपासले गेले आणि प्रयोगशाळेतील या कामाचा भार रिचर्ड्स यांच्यावर होता. नमुन्यांतील क्लोरीनचे, म्हणजे क्षारांतील क्लोराइडचे, आकडे नकाशावर मांडल्यावर एक ठळक गोष्ट दिसली. समुद्राकाठी हे प्रमाण अधिक असते आणि आत जावे तसे ते नियमाने कमी होत जाते, कारण समुद्राचे मीठ वाऱ्यापावसाबरोबर जमिनीवर येते. समान प्रमाणाची ठिकाणे जोडली की किनाऱ्याला साधारण समांतर रेषा मिळतात. मग एखाद्या गावच्या विहिरीत त्या रेषेवरच्या 'सामान्य' आकड्यापेक्षा जास्त क्लोराइड आढळले, तर ते माणसांच्या वस्तीतून, मोरी आणि शौचकूपांतून, आलेले असण्याचा दाट संशय घेता येतो. मलमूत्रात मीठ असते आणि ते जमिनीत गाळले जात नाही. अमेरिकेत राज्य पातळीवर पाण्याच्या गुणवत्तेचे पहिले निकष ठरण्यामागे हे काम आहे. आपल्या मुंबईला विहारचे पाणी १८६० मध्ये आणि तानसाचे १८९२ मध्ये मिळाले. म्हणजे शहराने विहिरी सोडून नळाकडे वळावे की नाही हा वाद दोन्हीकडे साधारण एकाच काळातला होता.

या बाईंनी नंतर घराकडे मोर्चा वळवला, असे लिहिले जाते. मला ते पटत नाही. त्या घराबाहेर आणि घरात एकच काम करत होत्या : पाणी, हवा आणि अन्न मोजणे. १८८२ च्या सुमारास त्यांनी स्वयंपाक आणि स्वच्छता यांमागील रसायनशास्त्रावर गृहिणींसाठी पुस्तक लिहिले, १८८५ मध्ये अन्नातील भेसळीवर. जमैका प्लेन भागातील स्वतःच्या घरातून त्यांनी जड पडदे आणि गालिचे काढून टाकले, हवा खेळती राहील अशी व्यवस्था केली आणि गॅसची शेगडी आणली. १८९९ मध्ये लेक प्लॅसिड येथे, ग्रंथालयांच्या दशांश वर्गीकरणासाठी आपण ज्यांना ओळखतो त्या मेल्व्हिल ड्यूई यांच्या निवासस्थळी, गृहविज्ञानाची पहिली परिषद भरली. 'होम इकॉनॉमिक्स' हे नाव तिथेच स्वीकारले गेले. १९०८ च्या अखेरीस या विषयाची अमेरिकेतील राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिच्या पहिल्या अध्यक्ष रिचर्ड्सच होत्या.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा विषय रसायनशाळेतून स्वयंपाकघरात आला. स्वयंपाकघरातून महाविद्यालयात चढून बसला असे नव्हे. आपली मते वाचायला आवडतील.

कांजूरचा_रहिवासी

ताई, धागा फार आवडला. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी केली, त्यामुळे क्लोराइडचा परिच्छेद दोनदा वाचला. ही तपासणी आजही जवळजवळ तशीच होते. नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटचे काही थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडत जायचे. आधी सगळे क्लोराइड पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसते आणि ते संपले की पिवळ्या द्रावणाला विटकरी छटा येते. ती छटा ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. नवखा माणूस नेहमी एक-दोन थेंब पुढे जातो. एवढे हजारो नमुने त्या काळी हाताने तपासणे, आणि प्रत्येक आकड्यावर दुसऱ्याने विश्वास ठेवावा इतक्या काटेकोरपणे तपासणे, हे किती मोठे काम आहे याची कल्पना ज्याने दिवसाला पन्नास नमुने केले आहेत त्याला येईल.

एक मर्यादाही सांगतो. मुंबईसारख्या ठिकाणी ही युक्ती एकटी पुरत नाही. इथे 'सामान्य' आकडाच मोठा असतो, आणि विहिरीत खारे पाणी शिरले की सांडपाण्यातून आलेले थोडेसे मीठ त्यात दिसेनासे होते. म्हणून अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट पाहावे लागतात, आणि शेवटी जिवाणूंची तपासणी. अमोनिया दिसला तर घाण ताजी, नायट्रेट दिसले तर जुनी, असा ढोबळ आडाखा आम्ही बांधत असू. तरीही नकाशाची कल्पना मला असामान्य वाटते. एका विहिरीचा आकडा स्वतःहून काही सांगत नाही. शेजारच्या शंभर विहिरींचे आकडे माहीत असले की तो बोलू लागतो.

लालबागकर_जुना

धागाकर्तींनी एका गोष्टीचा उल्लेख केलेला नाही, आणि मला ती महत्त्वाची वाटते. जानेवारी १८९० मध्ये रिचर्ड्स यांनी मेरी हिनमन एबल यांच्याबरोबर बॉस्टनमध्ये 'न्यू इंग्लंड किचन' सुरू केले. गरीब वस्तीतील कामगारांना स्वस्त, पौष्टिक आणि शास्त्रशुद्ध शिजवलेले अन्न विकत मिळावे, हा हेतू होता. मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले गोमांसाचे सूप, वाटाण्याचे सूप, मक्याची लापशी असे पदार्थ ठरवले गेले, आणि प्रत्येक वेळी चव व पोषणमूल्य सारखेच यावे म्हणून प्रमाणे पक्की करण्यात आली. ज्यांच्यासाठी हे केले ते लोक मात्र फारसे आले नाहीत. युरोपातील निरनिराळ्या देशांतून आलेल्या त्या मजुरांना आपापल्या घरचे जेवण हवे होते.

माझे बालपण गिरणगावात गेले. आमच्या चाळीत खानावळ चालवणाऱ्या एक काकू होत्या. त्यांच्याकडे वीस-बावीस गिरणी कामगार जेवायला येत. कोकणातल्या गड्याला तांदळाची भाकरी आणि माशाचे कालवण लागते, घाटावरच्याला ज्वारीची भाकरी आणि झणझणीत आमटी लागते, हे त्यांना तोंडपाठ होते. महिनाअखेर पैसे थकले तरी ताट थांबत नसे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा त्यांनी पाककृती शिकवण्यापासून सुरुवात केली नाही. सावकाराच्या व्याजातून सोडवणाऱ्या बँकेच्या कर्जापासून केली. गरीब बाईला काय येत नाही यापेक्षा तिला काय मिळत नाही याचा विचार त्यात होता. रिचर्ड्स यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, त्यांनी ताटातली प्रथिने मोजली, पण ताटासमोर बसलेल्या माणसाला काय हवे ते विचारले नाही.

माहीमची_वाचक

लालबागकर दादा, आपण दाखवलेली चूक खरी आहे आणि ती मूळ लेखात यायला हवी होती. तिच्यापुढची हकिकत तेवढी जोडते. ते स्वयंपाकघर मजुरांसाठी फसले, पण तिथे जमलेले मोजमापाचे ज्ञान वाया गेले नाही. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात 'रमफोर्ड किचन' या नावाने त्यांनी लोकांना जेवण दिले आणि त्या जेवणात प्रथिने, स्निग्ध पदार्थ व कर्बोदके किती आहेत तेही छापून समोर ठेवले. १८९४ पासून बॉस्टनच्या माध्यमिक शाळांतील मुलांना दुपारचे जेवण न्यू इंग्लंड किचनमधून जाऊ लागले. आज पाकिटाच्या पाठीवर आपण जो पोषणमूल्यांचा तक्ता वाचतो, त्याचे पूर्वरूप मला त्या शिकागोच्या कागदात दिसते.

पार्ल्याची_अभ्यासक

मी थोडा वेगळा सूर लावते आहे, त्याबद्दल क्षमस्व. विज्ञानात आलेल्या स्त्रियांना कुठे बसवायचे, हा प्रश्न त्या वेळी विद्यापीठांपुढे होता, आणि होम इकॉनॉमिक्सने त्यांना सोयीस्कर उत्तर दिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रसायनशास्त्रात किंवा जीवशास्त्रात उत्तम प्रशिक्षण घेतलेल्या कित्येक अमेरिकी स्त्रियांना मूळ विभागात नोकरी नाकारून गृहविज्ञानाच्या विभागात पाठवण्यात आले. तिथे त्यांनी मोलाचे काम केले, हे खरे. पण मुख्य दालन बंद ठेवायला त्या बाजूच्या दाराचा उपयोग झाला. आपण सुईदोऱ्याचा उल्लेख केलात. मला वाटते, रिचर्ड्स यांनी पूर्ण विषयच त्या सुईदोऱ्यासारखा वापरला : आम्ही तुमच्या जागेवर हक्क सांगत नाही, आम्ही घरच सांभाळतो, फक्त शास्त्रशुद्ध रीतीने. त्यामुळे त्यांना प्रवेश मिळाला, पण पुढच्या पिढ्यांना त्या चौकटीतून बाहेर पडायला फार कष्ट पडले.

दुसरा मुद्दा १९१० चा. त्या वर्षी त्यांनी 'युथेनिक्स' ही संकल्पना पुस्तकरूपाने मांडली. राहणीमान आणि परिसर सुधारून माणूस सुधारावा, असा तिचा अर्थ. त्याच काळात वंशशुद्धीचा विचार सांगणारे युजेनिक्स जोरात होते, आणि रिचर्ड्स यांनी आपली संकल्पना त्याची पूर्वतयारी म्हणून मांडली, त्याला विरोध म्हणून नव्हे. हेही नोंदवलेले बरे.

माहीमची_वाचक

आपल्या दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. युथेनिक्सविषयी मी बचाव करणार नाही. परिसर आधी सुधारा, आनुवंशिकतेचे नंतर पाहू, असा त्यांचा क्रम होता आणि तो त्यांच्या अनेक समकालीनांपेक्षा बरा होता. पण 'अधिक चांगला वंश' घडवण्याची भाषा त्यांच्याही लेखनात आहे.

बाजूच्या दाराबद्दल मात्र मी थोडी भांडेन. १८७६ ते १८८३ ही सात वर्षे पाहा. स्त्रियांसाठी वेगळी प्रयोगशाळा त्यांनीच उभी करवली आणि मुख्य प्रयोगशाळेत जागा मिळताच ती बंद होऊ दिली. वेगळी खोली हे त्यांच्या दृष्टीने मुक्कामाचे ठिकाण नव्हते. होम इकॉनॉमिक्सची खोली मात्र पुढे कायमची राहिली, आणि तिचे दार बाहेरून लावले गेले तेव्हा त्या हयात नव्हत्या. त्या दोषाचा किती वाटा त्यांचा आणि किती विद्यापीठांचा, हे ठरवताना मी तरी मोठा वाटा विद्यापीठांच्या पदरात घालेन. आणि हेही खरे की मी स्वतः त्या बंद खोलीत आयुष्यभर नोकरी केली, तेव्हा माझे मत तटस्थ आहे असा दावा मला करता येणार नाही.

गिरगावची_मावशी

या चर्चेत डॉ. कमला सोहोनी यांचे नाव यायलाच हवे. त्या गृहविज्ञानाच्या नव्हत्या, जीवरसायनशास्त्राच्या होत्या. पण आपल्या ताटाचे शास्त्र मुंबईत बसून ज्यांनी केले त्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे. माहेरच्या त्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या धाकट्या बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी एक वर्ष परीक्षेवर ठेवण्याच्या अटीवर त्यांना घेतले गेले. रिचर्ड्स यांची 'विशेष विद्यार्थिनी' आणि ही अट यांत साठ वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे, पण मला तरी दोन्ही कागद एकाच हाताने लिहिलेले वाटतात. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी, म्हणजे पेशींच्या श्वसनात लागणारे एक प्रथिन, असते हे त्यांनी दाखवले होते.

१९४७ मध्ये लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि फोर्टमधल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. नीरेवरचे त्यांचे काम बहुतेकांना माहीत आहे. कुपोषित आदिवासी मुलांच्या आणि गरोदर बायांच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृती सुधारते असे त्यांच्या संशोधनात दिसले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यांचे वालाचे काम अधिक जवळचे वाटते. आपल्या आतड्यात प्रथिने पचवणारे ट्रिप्सिन नावाचे विकर असते. कच्च्या कडधान्यांत त्या ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्ये असतात, म्हणून प्रथिने भरपूर असूनही ती पचत नाहीत. वालातील हे द्रव्य सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात स्फटिकरूपात वेगळे केले. आदल्या दिवशी वाल भिजवून, मोड आणून, सोलून केलेले बिरडे आमच्या घरी श्रावणात होतेच. त्या उसळीच्या पातेल्यात एवढे रसायनशास्त्र आहे, हे मला पन्नाशीनंतर कळले.

इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालकपद त्यांना उशिरा मिळाले. निवृत्तीनंतर त्या मुंबईच्या ग्राहक चळवळीत काम करत राहिल्या आणि 'कीमत' या नियतकालिकात लिहीत राहिल्या, म्हणजे शेवटी त्याही बाजारातल्या पिशवीकडेच आल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

नवी_मुंबईची_विद्यार्थिनी

मी सध्या अन्न आणि पोषण हा विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. हा धागा आमच्या वर्गाच्या गटात पाठवला आहे. मावशी, एक विचारू का? वाल भिजवलेले पाणी टाकून द्यावे की आमटीला वापरावे? आमच्या घरी आजी टाकून देते, आणि आई म्हणते त्यात जीवनसत्त्वे जातात.

गिरगावची_मावशी

बाळ, वालाच्या बाबतीत आजीचे ऐक. भिजताना काही नको असलेली द्रव्ये आणि पोटात वायू धरणाऱ्या शर्करा पाण्यात उतरतात. थोडी जीवनसत्त्वेही जातात, तेव्हा आईचे म्हणणे अगदी चूक नाही. पण ट्रिप्सिनला अडवणारे द्रव्य मुख्यतः उष्णतेने निकामी होते, म्हणून खरी काळजी घ्यायची ती शिजवताना. दाणा बोटाने सहज दबला पाहिजे. अर्धवट शिजलेले, कचकचीत बिरडे कोणाला वाढू नकोस.